मांड आणि रिकीब : अश्वारोहाच्या स्थैर्याचा इतिहास

घोडेस्वाराच्या बैठकीला मराठीत 'मांड' म्हणतात आणि त्याच्या पावलाखालील आधाराला 'रिकीब'. पहिला शब्द स्वाराच्या मांडीशी निगडित आहे. दुसरा मूळचा अरबी असून फारसीच्या मार्गाने आपल्याकडे आला. या दोन शब्दांत इतिहाससंशोधनातील एका वादाचे दोन्ही पक्ष सामावलेले आहेत. स्वाराला स्थैर्य दिले ते साधनाने, की अंगवळणी पडलेल्या बैठकीने?

लिन व्हाइट यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साधनाचा पक्ष समर्थपणे मांडला. रिकिबीमुळे भाला काखेत दाबून घोड्याच्या वेगासह आघात करणे शक्य झाले. असा स्वार पोसण्यासाठी जमिनी द्याव्या लागल्या. आणि त्यातून आठव्या शतकातील फ्रँक राज्यात सरंजामशाहीचा पाया घातला गेला, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढच्याच वर्षी सॉयर व हिल्टन यांनी त्यावर कठोर टीका केली. या वादात रिकिबीच्या कालनिर्णयाची पुष्कळ चर्चा झाली. परंतु गुडघ्याखालचा पाय नेमका कोठे होता, या साध्या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले.

इ. स. पूर्व चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफोन याच्यासमोर रिकीब नव्हती. तरीही अश्वारोहणावरील आपल्या ग्रंथात त्याने या पायाचा स्वतंत्र विचार केला आहे. स्वाराने आसनावर बसल्यासारखे न बसता पाय फाकून ताठ उभे राहिल्यासारखे असावे, मांड्यांनी पकड घ्यावी आणि गुडघ्याखालचा पाय सैल सोडावा, असे तो सांगतो. पुढे रोमन सैन्याने वापरलेल्या चार शिंगांच्या खोगिरानेही रिकिबीवाचून मांड्यांना आधार दिला. अर्थात् रिकिबीपूर्वीचा स्वार अस्थिर होता, हे गृहीतच तपासून घ्यावे लागते.

रिकीबही एकाएकी पूर्ण रूपात अवतरली नाही. सांचीच्या शिल्पांत स्वाराच्या पायाचा अंगठा अडकविण्यापुरता फास दिसतो. त्यावर शरीराचा भार घेणे कठीण. चीनमधील चांगशा येथे इ. स. ३०२ च्या थडग्यात सापडलेल्या मृण्मूर्तींत रिकीब डावीकडेच व आखूड आहे. ती घोड्यावर चढण्यासाठी असावी. फेंग सूफू याच्या इ. स. ४१५ च्या थडग्यात मात्र दोन रिकिबींची जोडी मिळाली.

जोडी रूढ झाल्यानंतरही पायाची ठेवण एकच राहिली नाही. युरोपातील चिलखती सरदार लांब रिकीब ठेवून पाय सरळ व पुढे रोवीत असे. त्याच्या पाठीला खोगिराच्या मागील उंच कडेचा आधार असे. याउलट स्पेनमध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेल्या 'हिनेता' पद्धतीत रिकीब आखूड आणि गुडघा वाकलेला असे. साधन एक, पण मांडी भिन्न! भेद होता तो खोगिराचा, शस्त्राचा आणि युद्धपद्धतीचा.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा अर्वाचीन काळातील आहे. इटालियन घोडदळाचा अधिकारी फेदेरिको काप्रिल्ली (१८६८–१९०७) याच्या काळी अडथळ्यावरून उडी घेताना स्वार मागे रेलत व पाय पुढे टाकीत. परिणामी भार घोड्याच्या कमरेवर पडे आणि लगामाचा हिसका त्याच्या तोंडाला बसे. काप्रिल्लीने रिकीब आखूड केली, धड पुढे झुकविले, टाच खाली ठेवली आणि गुडघ्याखालचा पाय स्वाराच्या शरीराच्या भाराखाली आणला. यामागील कारण बलविज्ञानाचे आहे. पाऊल पुढे सरकले की धड मागे पडते. मागे गेले की धड पुढे कोसळते. केवळ गुडघ्याने आवळून धरल्यास गुडघाच आस बनतो आणि खालचा पाय लंबकासारखा झुलू लागतो. भार गुडघ्यावर न अडता टाचेपर्यंत उतरला, तरच पाय स्थिर राहतो. काप्रिल्लीने कोणतेही नवे साधन शोधले नव्हते; रिकीब युरोपात हजारांहून अधिक वर्षे होतीच. बदलली ती मांड. तरीही विसाव्या शतकात अनेक देशांच्या घोडदळांना आपले शिक्षण त्यानुसार बदलावे लागले.

रिकिबीचे महत्त्व यामुळे नाहीसे होत नाही. बाजूला झुकून वार करताना किंवा उभे राहून बाण सोडताना तिचा आधार मोलाचाच होता. परंतु उत्खननात रिकीब सापडली म्हणून विशिष्ट युद्धपद्धती, आणि युद्धपद्धती आली म्हणून विशिष्ट समाजरचना, हे अनुमान दोन पायऱ्या गाळून केलेले असते. साधनाची शक्यता आणि तिचा प्रत्यक्ष उपयोग यांच्यामध्ये माणसाचे शिक्षण उभे असते. म्हणून शिल्पांतील वा मराठेशाहीच्या चित्रांतील स्वार अभ्यासताना, चित्रकाराचे संकेत वजा करून, रिकिबीची लांबी, गुडघ्याचा कोन, टाचेची दिशा आणि खोगिराची घडण या चारही गोष्टींची नोंद एकत्र केली पाहिजे. लोखंड मातीत टिकते, सवय टिकत नाही. पण जे टिकले तेवढेच घडले, असे मानण्याचा अधिकार इतिहासकाराला नाही.