डाग, मार्का, टॅग : मालावरील कागदी चिठ्ठीच्या सुधारणेचा इतिहास

प्रवासाला निघालेल्या सामानाची मोजणी मराठीत ‘डाग’ या शब्दाने होत आली आहे. गाडीत सहा डाग चढले, उतरताना पाचच भरले, ही तक्रार जुन्या पिढीच्या बोलण्यात सहज येते. फारसी ‘दाग’ म्हणजे डागणी, खूण. खुणेचे नाव खूण केलेल्या वस्तूला मिळाले आणि गाठोडे, पेटी, पोते यांनाच ‘डाग’ म्हणण्याचा प्रघात पडला. ‘दागिना’ हा शब्दही याच कुळाशी जोडला जातो. खेड्यांतून अंगावरच्या सोन्याला आजही ‘डाग’ म्हणतात, आणि शेजारच्या गुजरातीत ‘दागीनो’ या शब्दाने अलंकार व मालाचा नग असे दोन्ही अर्थ दाखविले जातात. बोलणाऱ्यांच्या दृष्टीने ज्यावर खूण नाही तो माल मोजण्याजोगाच नव्हता, असे यावरून म्हणावयास हरकत नाही. ‘पत्ता’ या शब्दाचा व्यवहारही पाहण्यासारखा आहे. ज्याचा पत्ता नाही तो ‘बेपत्ता’; ठिकाण न लिहिलेला डाग आणि हरवलेला डाग यांत भाषेने फारसा भेद केलेला नाही.

कागदी टॅगच्या इतिहासाकडे सामान्यतः कारखानदारीचा एक किरकोळ विषय म्हणून पाहिले जाते. वस्तुतः त्यात एकच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहतो, आणि तो कागदाच्या गुणवत्तेपुरता मर्यादित नाही. मालाविषयी लिहिलेले शब्द मालापासून सुटू नयेत, यासाठी दोहोंचा सांधा कसा करावा, हा तो प्रश्न होय. मीरा-भाईंदरचा परिसर या प्रश्नाच्या अभ्यासास सोयीचा आहे, कारण या भूमीवरून माल सतत पलीकडे जात राहिला आणि पलीकडे जाण्यापूर्वी कोणीतरी कागद मागत राहिले.

१५३४ पासून १७३९ पर्यंत वसईच्या खाडीचे दोन्ही काठ पोर्तुगीजांकडे होते. ‘मार्का’ या शब्दाचे आकारान्त रूप इंग्रजी शब्दापेक्षा पोर्तुगीज शब्दाशी अधिक जुळते, आणि किनाऱ्यावरील व्यापाराचा हा इतिहास पाहता त्यात नवल नाही. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत वसईबरोबर साष्टीही मराठ्यांकडे आली. परंतु १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले, १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली आणि वसई पेशव्यांकडे परत गेली. भाईंदर, मीरा, घोडबंदर ही गावे साष्टीत मोडतात. म्हणजे पेशवाईच्या अखेरपर्यंत भाईंदरची खाडी ही दोन सरकारांमधील हद्द होती. अशा हद्दीवर मालाबरोबर जाणारा कागद म्हणजे दस्तक किंवा परवाना. तो मालाला बांधलेला नसे. माल नेणाऱ्याच्या कमरेला किंवा पागोट्यात असे. त्याचा वाचक जकातीचा कारकून होता. पोते कोणाचे हे ओळखण्यासाठी त्याची गरज नव्हती, कारण ते तांडेलाला व बैलवाल्याला तोंडपाठ होते. भाईंदरच्या मिठागरांचे मीठ मचव्यात मोकळे भरले जाई. मोकळ्या मिठाला चिठ्ठी बांधणार तरी कोठे? त्याची सारी ओळख परवान्यातच होती.

ही व्यवस्था रेल्वेने मोडली. बाँबे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया कंपनीची मुंबई-सुरत वाट १८६४ मध्ये खाडीवरून सलग सुरू झाली. एका वाघिणीत अनेकांचे डाग एकत्र आले, वाटेत ते उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरले जाऊ लागले, आणि ज्यांच्या हातून ते जात त्यांपैकी कोणालाही पाठविणारा ठाऊक नव्हता. तांडेलाच्या स्मरणशक्तीची जागा घेणारे काहीतरी प्रत्येक डागावर असणे आवश्यक झाले. प्रत्येक नगावर घेणाऱ्याचे नाव व उतरण्याचे स्टेशन लिहावे आणि पूर्वीच्या प्रवासाच्या खुणा पुसून टाकाव्यात, हा रेल्वेचा नियम याच गरजेतून आला. नियमाच्या उत्तरार्धाकडे सहसा लक्ष जात नाही. एकाच पेटीवर तीन गावांची नावे असतील, तर ती पेटी नाव नसलेल्या पेटीइतकीच धोक्यात असते.

याच सुमारास, १८६३ मध्ये, अमेरिकेत एलिफॅलेट व्हॉर्फ डेनिसन यांनी टॅगवरील आपल्या सुधारणेचे पेटंट घेतले. डेनिसन घराण्याचा धंदा १८४४ मध्ये जवाहिऱ्यांना लागणाऱ्या पुठ्ठ्याच्या डब्या करण्यापासून सुरू झाला होता. दागिन्यांच्या डब्यांवरून ते दागिन्यांच्या चिठ्ठ्यांकडे आणि तेथून मालाच्या टॅगकडे आले. अलंकार आणि मालाचा नग यांना एका शब्दात बांधणाऱ्या गुजराती व्यापाऱ्याला हा क्रम ऐकून आश्चर्य वाटले नसते! त्यांची सुधारणा दिसावयास अगदी साधी होती. टॅग फाटतो तो मधोमध नव्हे, भोकापाशी. सुतळीचा सगळा ताण भोकाच्या कडेवरील अर्ध्या रेषेवर येतो, आणि धक्क्यागणिक ती कड करवतीने कापल्यासारखी कापली जाते. डेनिसन यांनी भोकाच्या दोन्ही बाजूंना कागदाची एकेक गोल चकती चिकटविली. ताण चकतीच्या संपूर्ण क्षेत्रावर पसरला आणि साधा कागद रेल्वेचा प्रवास सोसू लागला.

टॅगची पुढे रूढ झालेली आकृती याच तत्त्वावर उभी आहे. भोकाकडचे दोन कोपरे तिरपे छाटलेले असतात ते शोभेसाठी नव्हे. चौकोनी कोपरा शेजारच्या पेटीत अडकतो, दुमडतो आणि टॅगला भोकाशी पिळतो. दोरा दुहेरी करून फासाने ओवण्याची रीतही तशीच सहेतुक आहे, कारण फास भोकाच्या कडेला घट्ट बसतो आणि घासत नाही. अमेरिकी व्यापारात टॅगची मापे क्रमांकांनी ठरली; त्यांतील पाच क्रमांकाचा टॅग पावणेपाच इंच लांब व दोन पूर्णांक तीन अष्टमांश इंच रुंद असतो. धातूची आयलेट बसविलेला टॅग अधिक टिकतो खरा, परंतु कागद भिजला की आयलेट आहे तशी सुटून येते. चकती कागदाबरोबर भिजते, तरी ती कागदाशी एकजीव असते.

कागद कशाचा, हा प्रश्न यानंतरचा. मॅसॅच्युसेट्समधील हॉलिंग्सवर्थ बंधूंनी १८४३ मध्ये जहाजांच्या जुन्या मनिला दोरखंडांपासून कागद करण्याचे पेटंट घेतले. लांब तंतूंचा हा पिवळसर चिवट कागद टॅगला फार योग्य ठरला, आणि पुढे लाकडाच्या लगद्याचा कागद आला तरी ‘मनिला’ हे नाव व तो पिवळा रंग टिकून राहिला. जुन्या दोरांपासून कागद ही कल्पना दख्खनला मात्र नवी नव्हती. जुन्नर, पुण्याचा कागदीपुरा, दौलताबादेजवळचे कागजीपुरा येथील कागदी कारागीर जुनी गोणपाटे, दोर व चिंध्या कुटून लगदा करीत आणि मराठी दफ्तरे त्या कागदावर लिहिली जात. त्या कागदाच्या चिवटपणाची साक्ष पेशवे दफ्तरातील रुमालच देतील. असा कागद हाताशी असताना त्यातून मालाच्या टॅगचा धंदा उभा राहिला नाही. कारण उघड आहे. यंत्राने एकसारखी जाडी, एकसारखे भोक व लाखांची संख्या साधते. हातकागदाला त्यांतले एकही साधत नाही. १९४० मध्ये डॉ. के. बी. जोशी यांच्या प्रयत्नाने पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली, तोवर टॅग पूर्णपणे यंत्राचा झालेला होता.

कोकणात या यंत्रनिर्मित टॅगची गाठ पावसाशी पडली. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत या पट्ट्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि खाडीकाठची हवा उरलेल्या महिन्यांतही कोरडी नसते. वसई व केळवे-माहीमकडची विड्याची पाने पाणी शिंपून करंड्यांत भरली जातात. अशा करंडीला बांधलेला साधा टॅग वाटेतच लगदा होणार. कागदात राळ मिसळून त्याला ओलेपणी बळ देण्याच्या रासायनिक रीती १९३० ते १९५० या काळात प्रचारात आल्या. तत्पूर्वीचा उपाय म्हणजे कागदाच्या पाठीला कापडाचे अस्तर. शाईचा प्रश्नही तितकाच अवघड होता. कॉपिंग पेन्सिलीने तो बराचसा सुटला, कारण तिचे अक्षर पाण्याने जांभळे होऊन पसरते, पण जात नाही. टपाल पार्सलाच्या बाबतीत तर भारतीय घरांनी टॅगचा आधारच सोडला. गाठोड्याला मांजरपाट शिवावयाचे, शिवणीवर लाखेचे शिक्के मारावयाचे आणि पत्ता त्या कापडावरच लिहावयाचा. येथे भोक नाही, दोरा नाही, सांधाही नाही. सारे गाठोडेच टॅग झाले आहे. कारखानदारीच्या इतिहासात या घरगुती युक्तीला स्थान मिळालेले नाही, परंतु डेनिसन यांच्या चकतीच्या बरोबरीने तिचा विचार होणे न्याय्य ठरेल.

दुसरा मार्ग डबेवाल्यांनी काढला. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या या व्यवसायात मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतील माणसे आली. ज्या जुन्नरच्या कागदाचा लौकिक होता, तेथील माणसांनी कागदाला पूर्णपणे वगळले, हा योगायोग मोठा मनोरंजक आहे. त्यांच्या खुणा आरंभी रंगीत दोऱ्यांच्या व चिंध्यांच्या होत्या. पुढे रंगाने काढलेली अक्षरे व आकडे आले. या खुणेत डबा कोठून उचलला, कोणत्या स्टेशनावर उतरवावयाचा, तेथे तो कोणी घ्यावयाचा आणि कोणत्या इमारतीच्या कोणत्या मजल्यावर द्यावयाचा, एवढे सर्व येते. गिऱ्हाइकाचे नाव येत नाही. नाव हे पत्र वाचणाऱ्याच्या सोयीचे असते. डोक्यावर पाटी आणि समोर सुटणारी गाडी असलेल्या माणसाला पुढचे पाऊल कोठे टाकावयाचे एवढेच हवे असते. कागद नाकारण्याचे कारण केवळ निरक्षरता, असे जे म्हटले जाते, ते अपुरे आहे. डबा रोज धुतला जातो आणि रोज त्याच वाटेने परत येतो. कागदी टॅग एकाच दिशेच्या, एकदाच होणाऱ्या प्रवासासाठी आहे. परतणाऱ्या वस्तूला तो निरुपयोगी.

शब्दाच्या इतिहासातील एक गंमत येथेच नोंदविण्याजोगी आहे. महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांत ‘टॅग’ म्हणजे चिठ्ठी नव्हे; फाइलीतील कागद ओवण्याचा, टोकांना धातू लावलेला दोरा. साहेबी इंग्रजी शिकलेल्यांस हा प्रयोग चुकीचा वाटतो. परंतु नाडीच्या टोकाचे धातूचे बोंड हा इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ आहे, आणि मालाच्या चिठ्ठीचा अर्थ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रूढ झाला. तालुक्याचा कारकून नकळत अधिक जुने इंग्रजी बोलत असतो.

टॅग तुटल्याचे नुकसान कोणाचे, याचे उत्तर कायद्याने बदलत गेले. १८९० च्या रेल्वे कायद्याखाली रेल्वेची जबाबदारी ठेव सांभाळणाऱ्याइतकीच होती. १ जानेवारी १९६२ पासून ती सार्वजनिक वाहकाची झाली आणि १९८९ च्या कायद्यातही तशीच राहिली. तथापि माल पाठविणाऱ्याच्या स्वतःच्या कृतीने किंवा हयगयीने झालेली हानी तिच्यातून वगळलेली आहे. सैल बांधलेला अथवा अपुरा लिहिलेला टॅग हा या वादाच्या कक्षेत येतो, आणि त्याचा भार मोठ्या पेढीपेक्षा एखाददुसरा डाग पाठविणाऱ्या लहान माणसावर अधिक पडतो.

याहून कठोर उदाहरण बियाण्यांचे आहे. १९६६ च्या बियाणे कायद्यानंतर प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग, पायाभूत बियाण्याला पांढरा आणि पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा, अशी पद्धत पडली. हा टॅग पिशवीच्या तोंडाशी शिवलेला असतो; पिशवी उघडल्याशिवाय तो काढता येऊ नये आणि एकीचा दुसरीला लागू नये, हा हेतू. भोकाचा दुबळेपणा येथे शिवणीने टाळला आहे. बियाणे उगवले नाही तर शेतकऱ्याला पावतीबरोबर पिशवी व टॅग पुढे करावा लागतो, म्हणून पेरणीनंतर तो जपून ठेवण्याचा सल्ला कृषी विभाग देतो. मालाच्या प्रवासापुरता जन्मलेला कागद येथे माल संपल्यावर खऱ्या कामास लागतो. विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी तो आढ्याला खोचलेला असतो तो त्यामुळेच.

स्टँटन अ‍ॅव्हरी यांच्या १९३५ मधील स्वयंचिकट लेबलाने भोक आणि दोरा दोन्ही अनावश्यक केले, आणि १९९० मध्ये अ‍ॅव्हरी व डेनिसन या कंपन्या एक झाल्या. पण चिकटावयास कोरडा व गुळगुळीत पृष्ठभाग हवा. पुठ्ठ्याच्या खोक्यावर लेबल बसते. गोणपाट, करंडी, तेलकट सळ्यांची मोळी यांवर बसत नाही. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांतून स्टीलची भांडी व सुटे भाग बाहेर पडतात, तेथे म्हणूनच दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात : खोक्याला लेबल, मोळीला तारेचा टॅग.

१९८५ मध्ये पाच ग्रामपंचायती मिळून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली आणि २००२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. या सर्व काळात दक्षिणेच्या सीमेवर, दहिसरला, मुंबईचा जकात नाका होता. खाडीवरची जुनी हद्द जणू काही मैल खाली सरकली होती. मालमोटार थांबे, चालक कागदांची चळत घेऊन खिडकीशी जाई, आणि आतील डागांवर काय लिहिले आहे हे क्वचितच पाहिले जाई. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल सक्तीचे झाले. दस्तकाचा हा नवा अवतार कमरेला खोचण्याचीही गरज नाही. तो चालकाच्या फोनमध्ये एका क्रमांकाच्या रूपाने असतो. मात्र मोटारीतील चाळीस डागांपैकी कोणता डाग कोणत्या दारात उतरवावयाचा, हे तो क्रमांक हमालाला सांगत नाही. त्यासाठी अद्याप प्रत्येक डागावर टॅग किंवा लेबल लागते, आणि भर पावसात मोटारीचे फाळके उघडले की पहिला प्रश्न त्यावरील अक्षर वाचता येते की नाही हाच असतो.