जयपूरचा छायाचित्रकार महाराजा: व्यक्तिचित्र, वार्धक्य आणि मृत्यू

१. प्रस्तावना

विद्यार्थीमित्रांनो, 'संकल्पनात्मक छायाचित्रण' हा शब्द तुम्ही बहुधा आधुनिक कलेच्या संदर्भात ऐकला असेल. समोरच्या माणसाची नुसती नोंद न करता आधी ठरवलेला एखादा विचार मांडण्यासाठी रचलेले छायाचित्र, असा त्याचा साधा अर्थ. मृत्यू आणि तारुण्याचा सोस हे या प्रकारातले दोन आवडते विषय. रॉबर्ट मॅपलथॉर्प यांनी १९८८ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, हातात कवटीच्या मुठीची काठी धरून स्वतःचे छायाचित्र घेतले. सिंडी शर्मन यांनी २००८ मध्ये मेकअपच्या थराखाली वय लपवू पाहणाऱ्या श्रीमंत स्त्रियांची रूपे स्वतःच वठवली.

हे सारे अलीकडचे आणि पाश्चात्त्य आहे, असे समजू नका. या घटकात आपण एकोणिसाव्या शतकातल्या जयपूरकडे पाहू. तिथे एका राजाने स्वतः कॅमेरा हाती घेतला होता. प्रश्न असा: त्याच्या छायाचित्रांत वय आणि मृत्यू यांचा विचार खरोखर आहे, की तो आपण आज त्यांच्यावर लादतो?

२. कॅमेऱ्यापूर्वीचा राजाचा चेहरा

राजपूत दरबारी लघुचित्रांत राजा बहुधा एका बाजूने दिसतो. डोक्यामागे प्रभामंडल, टोकदार मिशी, ताठ मान. चित्रकाराला राजाचे वय सांगायचे नसते, त्याचे राजेपण सांगायचे असते. जयपूरच्या सवाई प्रतापसिंहांच्या काळात साहिबराम या चित्रकाराने मोठ्या आकाराची व्यक्तिचित्रे काढली. त्यांतही हाच आदर्श चेहरा दिसतो.

याला एक प्रसिद्ध अपवाद मुघल दरबारातला आहे. १६१८ मध्ये इनायत खान हा अधिकारी मरणाच्या दारात असताना जहांगीरने त्याचे चित्र काढवून घेतले. बरगड्या वर आलेला, उशांना टेकून बसलेला तो देह आजही पाहणाऱ्याला हादरवतो. परंतु तो राजाने पाहिलेला दुसऱ्याचा मृत्यू होता. राजाने स्वतःला असे काढवून घेतले नाही, हे लक्षात ठेवा.

३. ओली काच काय दाखवते?

छायाचित्रणाची घोषणा १८३९ मध्ये झाली. त्यानंतर थोड्याच काळात कॅमेरा भारतात आला. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित असलेले आरंभीचे भारतीय छायाचित्रकार. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कलोडियनची पद्धत मांडली आणि काचेच्या निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढणे शक्य झाले.

या पद्धतीचे तंत्र समजून घेणे आवश्यक आहे, कारण आपला विषय त्यातच दडलेला आहे. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि लगेच अंधाऱ्या खोलीत धुवायची. हे सारे काही मिनिटांत उरकावे लागे. जयपूरच्या उन्हाळ्यात तर काच आणखी लवकर सुके. बसलेल्या माणसाला काही सेकंद हालचाल न करता थांबावे लागे, म्हणून त्या चेहऱ्यांवर हसू क्वचितच दिसते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हा थर निळ्या प्रकाशाला संवेदनशील होता, लालसर रंगाला जवळजवळ नव्हता. त्यामुळे त्वचेवरचे लालसर डाग, वांग आणि सुरकुत्या प्रत्यक्षाहून गडद उमटत. लघुचित्राने वय पुसले होते; कॅमेऱ्याने ते वाढवून दाखवले.

यावर बाजाराने तोडगा काढला. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फस्टेंगल यांनी १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात हाताने दुरुस्त केलेली निगेटिव्ह लोकांपुढे ठेवली. पुढे पेन्सिलीने सुरकुत्या मिटवणे हा स्टुडिओंचा नित्याचा उद्योग झाला. भारतात छायाचित्रांवर रंग चढवण्याची पद्धत रुजली आणि लघुचित्रातला तो नितळ चेहरा फोटोच्या कागदावर परत आला. तुमच्या मोबाईलमधला त्वचा गुळगुळीत करणारा फिल्टर याच परंपरेचा वारस आहे.

४. महाराजा सवाई रामसिंह दुसरे

रामसिंह (१८३३–१८८०) दोन वर्षांचेही नव्हते तेव्हा, १८३५ मध्ये गादीवर आले. जयपुरातील कलाशाळा आणि रामनिवास बाग ही त्यांच्या कारकिर्दीतली कामे. १८६० च्या दशकात त्यांना छायाचित्रणाची गोडी लागली. टी. मरे या छायाचित्रकाराचे साहाय्य त्यांना मिळाले. राजवाड्यात स्टुडिओ उभा राहिला आणि महाराज बंगाल फोटोग्राफिक सोसायटीचे सभासद झाले. त्यांच्या संग्रहातील सुमारे दोन हजार काचेच्या निगेटिव्ह आज जयपूरच्या सिटी पॅलेसमधील महाराजा सवाई मानसिंह दुसरे संग्रहालयात आहेत.

यांतील आत्मछायाचित्रे आपल्या दृष्टीने मोलाची आहेत. एका चित्रात ते राजपूत सरदाराच्या वेशात दिसतात, तर दुसऱ्यात रुद्राक्ष घालून, पूजेचे साहित्य पुढे ठेवून बसलेले शिवभक्त म्हणून. कॅमेऱ्यासमोर माणूस एकच, भूमिका मात्र वेगवेगळ्या.

शिवभक्ताच्या चित्राचा अर्थ कसा लावायचा? इथे तीन वाचने शक्य आहेत.

अ) वैराग्याचे वाचन: शैव परंपरेत रुद्राक्ष, भस्म आणि स्मशान यांचे नाते जुने आहे. भर उमेदीच्या वयात राजाने विरक्ताचे रूप घेणे म्हणजे देहाच्या नश्वरतेची आठवण.

आ) राजकीय वाचन: रामसिंह कट्टर शैव होते. १८६० च्या दशकात जयपुरातील वैष्णव संप्रदायांशी त्यांचा संघर्ष झाला आणि काहींना शहर सोडावे लागले. या पार्श्वभूमीवर हे चित्र म्हणजे राजाच्या पंथनिष्ठेची जाहीर खूण.

इ) माध्यमाचे वाचन: छायाचित्र सत्य सांगते असे मानले जाई त्या काळात, ते रचताही येते हे या राजाला उमगले होते.

पहिले वाचन आकर्षक आहे, पण एकटे पुरेसे नाही. दुसऱ्या वाचनाला तत्कालीन घटनांचा आधार आहे. तिसऱ्याला सर्व आत्मछायाचित्रे एकत्र पाहिल्यावर बळ मिळते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने चित्र सुटे न पाहता संग्रहात पाहावे, ते यासाठीच.

५. जनान्यातील चेहरे

रामसिंहांनी पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांचीही छायाचित्रे घेतली. रंगवलेला पडदा, गालिचा, युरोपीय खुर्ची आणि थेट कॅमेऱ्याकडे पाहणारी स्त्री. यांतील अनेकींची नावे आज आपल्याला माहीत नाहीत. युरोपीय चित्रकारांनी जनान्याची कल्पना तरुण, सैलावलेल्या सुंदरींची केली होती. ही छायाचित्रे तिला छेद देतात. इथे अवघडलेले हात आहेत, थकलेले डोळे आहेत, साधे चेहरे आहेत.

तरीही एक प्रश्न टाळता येत नाही. कॅमेरामागे प्रत्यक्ष राजा असताना या स्त्रियांना नकार देता आला असता का? चित्र आपल्याला त्यांचा चेहरा देते, त्यांचे मत देत नाही.

६. छत्री आणि काच

नाहरगडाच्या पायथ्याशी गैटोर येथे जयपूरच्या राजांच्या छत्र्या आहेत. रामसिंहांचीही तिथेच आहे. पन्नाशी गाठण्यापूर्वीच, १८८० मध्ये ते वारले. औरस पुत्र नसल्याने मृत्यूपूर्वी त्यांनी इसरद्याच्या कायमसिंहांना दत्तक घेतले. तेच पुढे सवाई माधोसिंह दुसरे झाले.

छत्री म्हणजे दगडातले स्मरण. ती मृताची प्रतिष्ठा सांगते, हुबेहूब चेहरा सांगत नाही. काचेची निगेटिव्ह नेमके उलट करते. ती एका दिवसाचा, एका वयाचा चेहरा धरून ठेवते. प्रत्येक जुन्या छायाचित्रात, पुढे मरणार असलेला आणि आता मरून गेलेला असा माणूस एकाच वेळी दिसतो, हा विचार रोलाँ बार्थ यांनी १९८० मध्ये मांडला. आपल्या घरांतही भिंतीवर हार घातलेला फोटो असतो. तो निवडताना घरचे लोक शेवटच्या आजारपणातला नव्हे, तर 'चांगला आलेला' फोटो शोधतात. म्हणजे तारुण्याचा सोस जाहिरातीत असतो तसा तो मायेतही असतो. दोन्हींची कारणे मात्र वेगळी, आणि तो भेद विसरून टीका करू नये.

७. समारोप

रामसिंहांना आजच्या अर्थाने संकल्पनात्मक कलावंत म्हणणे घाईचे होईल. पण व्यक्तिचित्र म्हणजे रचलेले विधान असते, हे त्यांच्या संग्रहातून स्पष्ट दिसते. पुढे उमरावसिंह शेरगिल (१८७०–१९५४) यांनी अनेक दशके स्वतःच्या देहाची छायाचित्रे घेतली आणि त्याचे वय होत जाणेही झाकले नाही. ही भारतीय वाट ध्यानात ठेवली, तर मॅपलथॉर्प आणि शर्मन आपल्याला परके वाटणार नाहीत.

स्वाध्याय

१) ओल्या कलोडियनच्या तंत्राचा चेहऱ्यावरील वयाच्या खुणांशी संबंध स्पष्ट करा.
२) रामसिंहांच्या शिवभक्त रूपातील छायाचित्राची तीन वाचने सांगून तुमचे मत सकारण मांडा.
३) तुमच्या घरातील दिवंगत व्यक्तीचा भिंतीवरील फोटो कोणत्या वयातला आहे, तो कोणी व का निवडला, हे घरच्यांना विचारा आणि दहा ओळींत लिहा.