वारा, पाणी आणि आज्ञावलीची निवड

मालमत्तेच्या नुकसानीचे दावे हाताळण्यासाठी विमा कंपनीने कोणती संगणक-आज्ञावली निवडावी, हा प्रश्न वरकरणी कार्यालयीन सोयीचा वाटतो. किंमत, वेग आणि शिकण्यातील सुलभता या कसोट्यांवर तो सुटावा, अशी सामान्य समजूत आहे. २००५ च्या कॅटरीना वादळातून उद्भवलेल्या एका खटल्याने अमेरिकेत या समजुतीला चांगलाच धक्का दिला.

वादाचे मूळ विम्याच्या दुहेरी रचनेत होते. पुराचा विमा देणारी राष्ट्रीय योजना तेथे १९६८ साली स्थापन झाली. १९८३ पासून खासगी कंपन्या सरकारी पूरविमा स्वतःच्या नावाने विकू लागल्या आणि त्यावरील दावेही त्याच निकाली काढू लागल्या. भरपाईचा पैसा मात्र सरकारी योजनेचा. उलट घरमालकाची नेहमीची पॉलिसी वाऱ्याने झालेले नुकसान भरून देई, पुराने झालेले वगळी. परिणामी एकच कंपनी दोन्ही पॉलिसींचे काम पाहत असे, आणि पडलेल्या भिंतीपुढे ‘वारा’ लिहिल्यास तिला स्वतः पैसे द्यावे लागत, ‘पाणी’ लिहिल्यास सरकारला. एका शब्दावर एवढा पैसा क्वचितच अवलंबून असेल!

आता आज्ञावलीकडे वळू. युटा राज्यात १९८६ साली स्थापन झालेल्या एक्झॅक्टवेअर या संस्थेची ‘एक्झॅक्टिमेट’ ही आज्ञावली घराचा बाबवार अंदाज करते. खोलीची मापे घ्यावयाची, छप्पर, गिलावा, फरशी, दारे अशी प्रत्येक बाब स्वतंत्र नोंदवावयाची आणि तिला स्थानिक दर लावावयाचा, ही तिची रीत. काम चिकाटीचे, परंतु कोणती वस्तू कशाने बिघडली, हे तपासण्यास प्रत्येक ओळीत वाव राहतो. ‘एक्झॅक्टोटल’ या दुसऱ्या आज्ञावलीत घराचे क्षेत्रफळ आणि बांधकामाची प्रत यांवरून संपूर्ण घराचे मूल्य निघते. काम झटपट होते, पण वारा आणि पाणी यांना वेगळे करणारी ओळच तेथे उरत नाही.

सरकारी योजनेला एरव्ही बाबवार अंदाज हवा असे. कॅटरीनाचा प्रकोप पाहून फेमा या केंद्रीय आपत्ती-संस्थेने सप्टेंबर २००५ मध्ये काही वर्गांतील घरांपुरती ही अट शिथिल केली. मिसिसिपीतील बिलॉक्सी येथील एका घरासाठी स्टेट फार्म कंपनीने पूरविम्याची कमाल रक्कम, २,५०,००० डॉलर, सरकारी योजनेतून दिली. पहिल्या अभियंत्याच्या अहवालात नुकसानीचे मुख्य कारण वारा होते. नंतरच्या अहवालात पाणी. बाबवार अंदाजाऐवजी एक्झॅक्टोटलचा उपयोग झाला, हा वादींच्या आरोपांतील महत्त्वाचा मुद्दा होता. कंपनीचे म्हणणे असे की, या पद्धतीस फेमाची संमती होती. हा बचाव अगदीच पोकळ म्हणता येणार नाही; हजारो दावे एकदम आले असता वेगाची गरज खरीच होती. तथापि सवलत कोणत्या घरांना लागू, हे ठरविण्यासाठीदेखील प्रत्येक घराची तपासणी अपरिहार्य होती.

२०१३ साली ज्यूरीने कंपनीविरुद्ध निर्णय दिला. कायद्यानुसार रक्कम तिप्पट होऊन दंडासह ७,५०,००० डॉलरांपलीकडे गेली, आणि २०१५ साली अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. ६ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दिलेला निर्णय मात्र वादींनी खटल्याच्या गुप्ततेचा नियम मोडल्यामुळे खटला फेटाळणे अनिवार्य ठरते काय, एवढ्याच प्रश्नापुरता होता. आज्ञावलीच्या निवडीचा विचार त्याच्यापुढे आलाच नाही.