बंगळूरची नागरत्नम्मा आणि एक जप्त काव्य

इ. स. १९११ साली मद्रासच्या पोलिसांनी एका तेलुगू काव्यग्रंथाच्या प्रती जप्त केल्या. ग्रंथात राजद्रोहाचे एक अक्षरही नव्हते. राधेचा रुसवा आणि कृष्णाने केलेली तिची समजूत, एवढाच त्याचा विषय. हे काव्य दीडशे वर्षांपूर्वी एका देवदासीने रचले होते आणि आता दुसऱ्या एका देवदासीने ते शुद्ध करून छापविले होते. पहिलीचे नाव मुद्दुपळणी, दुसरीचे बंगळूर नागरत्नम्मा. हे काव्य लोकांच्या नीतीला अपायकारक आहे, असा सरकारचा निर्णय झाला. गाणाऱ्यांच्या एखाद्या जातीची दुर्दशा तिच्या गाण्यामुळे होते, की गाणे त्या दुर्दशेचे केवळ प्रतिबिंब असते, हा वाद आपल्याकडे लावणीवरून झाला आणि अमेरिकेत अलीकडे रॅप नावाच्या गानप्रकारावरून झाला. नागरत्नम्मेच्या चरित्रात तो जितका स्पष्टपणे उलगडतो, तितका अन्यत्र क्वचितच आढळेल.

या कथेशी मराठी माणसाचा संबंध दूरचा नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. राजांच्या पदरी अनेक भाषांचे कवी होते. जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त त्या दरबाराचे जे वर्णन आहे, ते इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२२ साली प्रसिद्ध केल्यापासून आपल्या परिचयाचे झाले आहे. पुढे शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावर घेतले. बंगळूर मोगलांच्या हातून, तीन लाख रुपयांच्या मोबदल्यात, म्हैसूरच्या चिक्कदेवरायाकडे गेले, आणि भोसल्यांच्या विद्याव्यासंगाचे ठाणे कावेरीच्या मुखाकडे सरकले. तेथे मराठी राजे तेलुगूत नाटके लिहीत, संस्कृतात शास्त्रचर्चा ऐकत आणि तमिळ मंदिरांना दाने देत.

अशा या दरबारात, प्रतापसिंह राजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७३९ ते १७६३ या काळात, मुद्दुपळणीने ‘राधिकासांत्वनमु’ हे ५८४ पद्यांचे काव्य रचले. राधा इळा नावाच्या मुलीला लहानाची मोठी करते, तिचा कृष्णाशी विवाह लावून देते, तिला संसाराच्या चार गोष्टीही शिकविते, आणि मग स्वतःच मत्सराने पोळून निघते. कथा एवढीच. परंतु येथे राधा केवळ वाट पाहणारी नाही. तिला इच्छा आहे, ती बोलून दाखविण्याचे धैर्य आहे, आणि शेवटी नमते घ्यावे लागते ते कृष्णाला. ग्रंथारंभी मुद्दुपळणी आपला वंश सांगते तो कुळातील स्त्रियांच्या नावांनी. दरबाराने तिचा मान केला. त्या काळी कुणाला हे काव्य अनीतिकारक वाटल्याचा पुरावा उपलब्ध नाही.

नागरत्नम्मेचा जन्म १८७८ साली म्हैसूर संस्थानातील नंजनगूड येथे झाला. आई पुट्टलक्ष्मी ही देवदासी. ज्या गृहस्थाच्या आश्रयाने ती राहत होती, त्याने मुलीच्या जन्मानंतर मायलेकींना वाऱ्यावर सोडले. आईने हट्टाने मुलीला संस्कृत, कन्नड आणि तेलुगू शिकविले. ज्या काळात कुलवती घरांतील बहुसंख्य मुलींना अक्षरओळखही नव्हती, त्या काळात एका परित्यक्तेची मुलगी काव्य आणि शास्त्र वाचीत होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे मायलेकी बंगळूरला आल्या. तेथे वालाजापेटच्या परंपरेतील, म्हणजे त्यागराजांच्या शिष्यशाखेतील, मुनिस्वामप्पा हे गुरू तिला लाभले. म्हैसूरच्या उच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती नरहरराव हे तिचे आश्रयदाते होते. बंगळूरच्या दक्षिण भागातील नरहररायांची टेकडी आजही त्यांचे नाव धारण करून आहे. ज्यांच्या लेखणीतून कायदा उतरत होता, त्यांच्याच दिवाणखान्यात ही कला नांदत होती. विसाव्या शतकाच्या प्रारंभी नागरत्नम्मा मद्रासला गेली आणि तेथील मैफलींत तिचे नाव गाजू लागले. तिने आपल्या नावामागे शहराचे नाव लावले, ते मात्र शेवटपर्यंत बंगळूरचेच.

इकडे म्हैसूरचे सरकार हिंदुस्थानातील अत्यंत पुढारलेल्या सरकारांत गणले जात होते. १९०५ साली बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले, आणि १९०९ साली सरकारी देखरेखीखालील देवस्थानांतून देवदासींची सेवा बंद करण्याचा हुकूम निघाला. त्या सुमारास दिवाणपदावर असलेले व्ही. पी. माधवराव आणि त्यांच्यामागून आलेले टी. आनंदराव हे दोघेही तंजावरकडील महाराष्ट्रीय घराण्यांतले. ज्या परंपरेने मुद्दुपळणीला शालजोडी दिली असेल, तिच्याच वारसांच्या काळात नंजनगूडच्या देवदासींचे अर्ज दप्तरी दाखल झाले. हुकमामागचा हेतू शुद्ध होता. एखाद्या अल्पवयीन मुलीचे देवाशी लग्न लावून तिला जन्माची परावलंबी करावयाचे, या चालीचे समर्थन कोणताही विचारी मनुष्य करणार नाही. परंतु सेवा बंद करणे कागदावर एका ओळीत होते. सेवेवर ज्यांची चूल पेटते, त्यांचे पुढे काय, हे सांगावयास फार ओळी लागतात. तशा ओळी लिहिण्याची सवय सरकारांना सहसा नसते.

या पार्श्वभूमीवर १९१० साली नागरत्नम्मेने मद्रासच्या वाविळ्ळ या प्रसिद्ध प्रकाशनसंस्थेकडून ‘राधिकासांत्वनमु’ प्रसिद्ध केले. याआधी ते एकदा छापले गेले होते, परंतु त्यात काही पद्ये गाळलेली होती, आणि कवयित्रीने आपल्या कुळाची दिलेली माहितीही वगळलेली होती. नागरत्नम्मेने हस्तलिखित मिळवून पाठ शुद्ध केला. आंध्रातील थोर सुधारक कंदुकूरी वीरेशलिंगम् यांनी आपल्या तेलुगू कवींच्या चरित्रग्रंथात मुद्दुपळणीची कडक निर्भर्त्सना केली होती. स्त्रीच्या तोंडून, किंबहुना स्त्रीच्या कानांवरही, असे शब्द येऊ नयेत, असा त्यांचा आक्षेप. वीरेशलिंगम् हे काही दांभिक गृहस्थ नव्हते. १८८१ साली राजमहेंद्रीस विधवाविवाह घडवून आणून त्यांनी बहिष्काराचे हाल सोसले होते. आपल्याकडील विष्णुशास्त्री पंडितांच्या पंक्तीला बसणारा हा पुरुष.

त्यांना नागरत्नम्मेने प्रस्तावनेत जे उत्तर दिले, ते या वादाचे मर्म आहे. तिचे म्हणणे असे की, लाज आणि मर्यादा यांचे नियम केवळ स्त्रियांनाच लागू आहेत काय? पुरुष कवींनी याहून उघडा शृंगार रचला, तो विद्वानांनी संपादिला, विद्यार्थ्यांनी अभ्यासिला. त्याने कोणाची नीती बिघडली नाही. आणि वेश्या म्हणून हिणविलेल्या स्त्रीने तोच विषय हाताळताच समाज धोक्यात आला! या युक्तिवादाला सरकारने उत्तर दिले ते जप्तीचे.

एवढ्यावर थांबले, तर गोष्ट फार सोपी होईल: एका बाजूला सोवळे सुधारक, दुसऱ्या बाजूला निर्भय कलावती. वस्तुतः तसे नव्हते. या गाण्याचा सर्वांत तीव्र निषेध ज्यांनी केला, त्यांत त्याच समाजात जन्मलेल्या स्त्रिया होत्या. डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांची आई देवदासी कुळातील. १९१२ साली त्या मद्रासमधून वैद्यकीय पदवीधर झाल्या, पुढे मद्रास कायदेमंडळाच्या पहिल्या महिला सभासद झाल्या, आणि देवदासी-समर्पण बंद करण्याचा ध्यास त्यांनी आयुष्यभर बाळगला. मूवलूर रामामृतम् या तर स्वतः देवदासी म्हणून वाढलेल्या. नागरत्नम्मा १९२७ साली मद्रासच्या देवदासींच्या संघटनेच्या अग्रभागी राहून रेड्डींना विरोध करीत होती. आम्हांला वेश्यांच्या पंक्तीला बसवू नका, आम्हांला शिक्षण द्या आणि आमची विद्या राखू द्या, असे या स्त्रिया मागत होत्या. एकाच उंबरठ्याच्या आत वाढलेल्या स्त्रिया परस्परविरुद्ध उभ्या होत्या, आणि दोघींनाही आपल्या मुलींचीच चिंता होती.

महाराष्ट्रातही असेच घडले. पठ्ठे बापूराव हे रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी. जातीची वस्त्रे उतरवून ते तमाशात आले आणि पवळा हिवरगावकर या महार कलावतीसह त्यांनी उभा मुलूख गाजविला. त्यांनी महाडच्या चळवळीसाठी तमाशाच्या उत्पन्नातून देणगी देऊ केली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली, असे सांगितले जाते. आपल्या समाजातील स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा त्यांच्याच मुक्तीसाठी घ्यावयाचा नाही, हा त्यातील अर्थ. हा आक्षेप आणि वीरेशलिंगम् यांचा आक्षेप वरवर सारखे दिसतात. सरकारी फायलीत तर ते एकाच शीर्षाखाली पडतील. परंतु एकाला भीती होती ती ऐकणाऱ्यांच्या घरांची. दुसऱ्याला चिंता होती ती गाणारणीच्या घराची. पहिला म्हणतो, हे शब्द आमच्या कानांवर नकोत. दुसरा विचारतो, पैसे कोण फेकतो, आणि तिला फडातून उठून जावयाचे असेल तर जाता येते काय?

अमेरिकेतील निग्रो म्हणून एकेकाळी हिणविल्या गेलेल्या कृष्णवर्णीय समाजाच्या रॅप गाण्यांवरून जो वाद माजला, त्यातही हेच दोन सूर एकमेकांत मिसळलेले आढळतात. १९९० साली फ्लॉरिडातील एका संघीय न्यायाधीशाने रॅप गायकांच्या एका ध्वनिमुद्रिकेला अश्लील ठरविले. १९९२ साली अपील-न्यायालयाने तो निर्णय फिरविला. दुसरीकडे, नागरी हक्कांच्या चळवळीत वाढलेल्या सी. डेलोरेस टकर या कृष्णवर्णीय स्त्रीनेच त्या गाण्यांतील स्त्रियांच्या अवहेलनेविरुद्ध मोहीम उघडली. तिचा प्रश्न न्यायाधीशाचा नव्हता. तो मुत्तुलक्ष्मी रेड्डींच्या प्रश्नाजवळचा होता.

मग गाणे अपाय करते की नाही? गाणे म्हणजे निव्वळ आरसा, हे म्हणणे पुरते खरे नाही. आरसा पाहणाऱ्याला काही शिकवीत नाही, गाणे शिकविते. फडापुढे बसलेल्या माणसाला पिढ्यान्पिढ्या एका विशिष्ट जातीची स्त्री आपल्या करमणुकीसाठीच आहे असे वाटत राहिले, तर त्यातील काही वाटा गाण्याचा आहेच. पण दुर्दशेचे मूळ गाण्यात आहे काय, याची परीक्षा इतिहासानेच घेऊन ठेवली आहे. देवदासींची पदे आणि जावळ्या मद्रासच्या सभागृहांत गेल्या, वीणा धनम्माळ आणि बालसरस्वती यांच्या घराण्याने त्यांना परमादर मिळवून दिला, प्रतिष्ठित घरांतील मुली ते नृत्य शिकू लागल्या. शब्द बहुतांशी तेच, राधेची आणि नायिकेची आर्जवेही तीच. आता ती कोणालाही अनीतिकारक वाटेनात. उलट, बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या यल्लमा-डोंगराच्या परिसरात, कर्नाटकात आणि सीमेलगतच्या महाराष्ट्रात, मुली सोडण्याची चाल दीर्घकाळ टिकून राहिली. तेथे ना दरबार होता, ना ‘राधिकासांत्वनमु’सारखे काव्य, होती ती चौंडक्याची साथ, दलित वस्त्यांतील दारिद्र्य आणि गावच्या सधनांची सत्ता. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झालेला असूनही कर्नाटकाला १९८२ साली आणि महाराष्ट्राला त्यानंतर पुन्हा कायदे करावे लागले. गाणे कोठे उंच सिंहासनावर चढले, कोठे मुळात फारसे नव्हतेच. दास्य मात्र दारिद्र्याच्या पाठोपाठ गेले.

म्हणून त्या काळच्या सर्व हुकमांत एक कायदा वेगळा उठून दिसतो. १९२९ साली मद्रास इलाख्यात देवदासींच्या इनाम जमिनी देवळाच्या सेवेच्या अटीतून मोकळ्या करण्यात आल्या. सेवा सोडली तरी जमीन सुटणार नाही, एवढेच त्याने सांगितले. त्यात नीतीचा उपदेश नव्हता, परंतु पाय ठेवावयास भूमी होती. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात खेर मंत्रिमंडळाने तमाशावर बंदी घातली आणि पुढे शब्द तपासून घेण्याच्या अटीवर ती उठविली, तेव्हा चाळणी लागली ती लावणीच्या शब्दांना. फडमालक आणि नाचणारीण यांच्यातील व्यवहाराला नव्हे. २००५ साली महाराष्ट्र सरकारने नृत्य-बार बंद केले, तेव्हाही उपजीविका गेलेल्या अनेक स्त्रिया नाचगाण्यावर जगणाऱ्या परंपरागत जातींतील होत्या. ती बंदी उच्च न्यायालयाने २००६ साली रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तो निकाल उचलून धरला. मधल्या वर्षांत त्या स्त्रिया कोठे गेल्या, याची चौकशी बंदीच्या मानाने फारच थोडी झाली.

नागरत्नम्मेने स्वतःपुरते उत्तर निराळ्या मार्गाने शोधले. तिरुवैयारूला त्यागराजांची समाधी झाडाझुडपांत हरवत चालली होती. आपली मिळकत खर्चून तिने १९२१ साली तेथे काम सुरू केले आणि १९२५ साली मंदिराची प्रतिष्ठा झाली. मंदिर तिच्या पैशाने उभे राहिले, पण वार्षिक आराधनेत स्त्रियांना गावयास मज्जाव होता. तेव्हा तिने १९२७ पासून समाधीच्या मागील बाजूस स्त्रियांची वेगळी आराधना भरविली. पुढे १९४० च्या सुमारास सर्व पक्ष एक झाले आणि तिच्या शिष्या व मैत्रिणी त्याच मंडपात गाऊ लागल्या.

१९४७ साली मद्रास सरकारने ‘राधिकासांत्वनमु’वरील बंदी उठविली. त्याच वर्षी मुत्तुलक्ष्मी रेड्डींचा देवदासी-समर्पण प्रतिबंधक कायदाही संमत झाला. १९५२ साली काव्याची नवी आवृत्ती निघाली. त्याच वर्षाच्या मे महिन्यात नागरत्नम्मा तिरुवैयारूला निवर्तली. त्यागराजांच्या समाधीसमोर तिची समाधी आहे. तिच्या मूर्तीचे हात जोडलेले आहेत आणि तोंड गर्भगृहाकडे आहे.