ॲकॅलेझिया : उपचारांची निवड

ॲकॅलेझिया हा अन्ननलिकेचा दीर्घकालीन विकार असून त्यात गिळलेला घास जठराच्या तोंडाशी अडतो. अन्ननलिकेच्या स्नायूला सैल होण्याचा संदेश देणाऱ्या चेतापेशी नष्ट होतात. त्यामुळे खालच्या टोकाची झडप गिळताना नीट उघडत नाही आणि घास पुढे ढकलणाऱ्या लहरीही बंद पडतात. दरवर्षी लाखात साधारण एकाला हा विकार जडतो. भाकरीबरोबर पाणीही अडते, रात्री आडवे झाल्यावर न पचलेले अन्न उशीवर येते, वजन उतरते. आणि आम्लपित्त समजून गोळ्या घेण्यात वर्षे निघून जातात. गेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत, म्हणून आजचा प्रत्येक उपचार झडपेचा अडसर तेवढा कमी करतो. साहजिकच ‘सर्वांत चांगला उपचार कोणता’ या प्रश्नाला सर्वांसाठी एक उत्तर नाही. रुग्णाचा विकार कोणत्या प्रकारचा आहे आणि उपचारानंतरचा कोणता त्रास त्याला पत्करता येईल, यांवर निवड ठरते.

झडप ताणून मोकळी करण्याची कल्पना जुनी आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये थॉमस विलिसने व्हेलच्या हाडाच्या टोकाला स्पंज बांधून एका रुग्णाची अन्ननलिका उघडली होती. आज त्याच कामासाठी ३० ते ४० मिमी व्यासाचा हवेचा फुगा वापरतात. जर्मन शल्यविशारद अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये झडपेचा स्नायू कापण्याची शस्त्रक्रिया केली. आता ती पोटावर लहान छिद्रे पाडून करतात आणि आम्ल वर येऊ नये म्हणून जठराचा भाग तिथे दुमडून शिवतात. तिसरा मार्ग ‘पोएम’. जपानमध्ये हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये तो रुग्णांवर सुरू केला. यात दुर्बीण तोंडातून नेतात, अन्ननलिकेच्या अस्तराला लहान चीर देऊन त्याखालून बोगदा करतात, आतून स्नायू कापतात आणि चिरेचे तोंड क्लिपांनी मिटवतात. झडप सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनाचा परिणाम बहुधा वर्षभरात ओसरतो, म्हणून भूल किंवा शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांसाठीच ते राखून ठेवावे.

फुगा आणि शस्त्रक्रिया यांची तुलना करणारी युरोपीय चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी फुग्याचे यश ८६ टक्के, तर शस्त्रक्रियेचे ९० टक्के होते; म्हणजे फरक नगण्य. पुढे २०१९ मध्ये फुगा आणि पोएम यांच्या चाचणीत मात्र फुग्याचे यश ५४ टक्क्यांवर आले आणि पोएमचे ९२ टक्के भरले. यावरून फुगा कालबाह्य झाला असे म्हटले जाते. हा निष्कर्ष घाईचा आहे. पहिल्या चाचणीत त्रास परतल्यावर ठरावीक मर्यादेत पुन्हा फुगा घालणे हा उपचाराचाच भाग धरला होता. दुसरीत सुरुवातीच्या ठरलेल्या फुग्यांनंतर पुन्हा उपचार लागला की अपयश मोजले. म्हणून ५४ हा आकडा फुगा कुचकामी असल्याचे सांगत नाही. अनेकांना तो पुन्हा घालावा लागतो, एवढे सांगतो. वारंवार रुग्णालयात येणे ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी मात्र फुगा टाळायला हेच पुरेसे कारण आहे. फुग्याला अन्ननलिका फाटण्याचा धोकाही आहे. युरोपीय चाचणीत आरंभी थेट ३५ मिमीचा फुगा वापरला, तेव्हा पहिल्या १३ पैकी ४ रुग्णांची अन्ननलिका फाटली. त्यानंतर ३० मिमीपासून सुरुवात करण्याचे ठरले.

मग सरसकट पोएमच का करू नये? कारण त्यात झडप उघडते, पण आम्ल अडवणारा कोणताही आडोसा उरत नाही. फुग्याशी तुलना करणाऱ्या त्याच चाचणीत दोन वर्षांनी पोएमच्या ४१ टक्के रुग्णांच्या अन्ननलिकेला आम्लामुळे सूज आढळली. फुग्याच्या गटात ७ टक्के. आम्ल गोळ्यांनी आटोक्यात राहते, हा आक्षेप रास्त आहे आणि साठीतल्या रुग्णाला तो पटण्याजोगाही आहे. पंचविशीतल्या रुग्णासमोर मात्र गोळ्यांची अनेक दशके असतात. शिवाय २०१९ च्याच आणखी एका चाचणीत गिळण्याच्या बाबतीत पोएम आणि शस्त्रक्रिया तुल्यबळ ठरल्या : ८३ आणि ८२ टक्के.

खरा निर्णायक पुरावा मॅनोमेट्रीतून, म्हणजे अन्ननलिकेतील दाबाच्या तपासणीतून मिळतो. तिच्यावरून विकाराचे तीन प्रकार पडतात. दुसऱ्या प्रकाराला कोणताही उपचार उत्तम लागू पडतो. तिथे चाळिशी ओलांडलेल्या रुग्णाने फुग्यापासून सुरुवात करणे योग्य. तिसऱ्या प्रकारात अन्ननलिकेला वरपर्यंत पेटके येतात. फुगा तिथे पोचत नाही, पोएमने मात्र हवा तितका लांब छेद घेता येतो. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीचा २०२० चा सल्लाही या प्रकारासाठी फुग्यापेक्षा पोएम किंवा शस्त्रक्रियेकडे झुकतो. तरुण रुग्णाला, विशेषतः हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणे) असल्यास, शिवणीसह शस्त्रक्रिया अधिक हिताची. भारतात हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीने शेकडो पोएमचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आहेत. पण सराव नसलेल्या हातांकडून ते यश गृहीत धरता येत नाही. मॅनोमेट्रीचा अहवाल हातात आल्याशिवाय कोणत्याही उपचाराला होकार देऊ नये. आणि पोएमनंतर छातीत जळजळ नसली तरी ठरल्या वेळी दुर्बिणीने तपासून घ्यावे, कारण आम्लाची सूज अनेकदा लक्षणांवाचून येते.