नापास झालेलं औषध

डिप्रेशनची गोळी म्हटलं की वाटतं, आधी कुणीतरी आजार समजून घेतला असणार, मग औषध बनवलं असणार. इमिप्रामिनचं मात्र उलटं झालं.

१९५२ मध्ये क्लोरप्रोमझिन स्किझोफ्रेनियावर चाललं. मग स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीने जवळपास तसाच रेणू पुढे काढला. मधल्या कड्यात गंधकाच्या जागी दोन कार्बन, बाकी ठेवण बरीचशी तीच. नाव काय, तर जी २२३५५!

म्युन्स्टरलिंगनच्या मनोरुग्णालयात डॉ. रोलंड कून यांनी ते स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना दिलं. उपयोग शून्य, काही जण उलट जास्तच अस्वस्थ झाले. आमच्या भाषेत, टेस्ट फेल. पण कूननी १९५६ मध्ये तेच डिप्रेशनच्या रुग्णांना देऊन पाहिलं. दोन-तीन आठवड्यांत माणसं बोलू लागली, जेवू लागली. १९५७ मध्ये झुरिकच्या परिषदेत हे ऐकायला जेमतेम डझनभर लोक होते म्हणे. १९५८ मध्ये ‘टोफ्रानिल’ बाजारात आलं. पुढे मुलांच्या अंथरुण ओलं करण्यावरही ते वापरलं गेलं. डोस जास्त झाला तर मात्र हृदयाला धोका.

इथवरची गोष्ट छानच आहे. पण २०१९ मध्ये इतिहासकारांनी त्या रुग्णालयाची जुनी कागदपत्रं तपासून पुस्तक काढलं. तिथे अनेक वर्षं, अनेक औषधांचे प्रयोग चालले होते आणि बऱ्याच रुग्णांना त्याची नीट कल्पनाच दिलेली नव्हती.

कूननी रुग्णांकडे बारकाईने पाहिलं म्हणून औषध सापडलं, हे खरंच. फक्त पाहणं आणि विचारणं यात फरक असतो, एवढंच.