हरवलेला नकाशा

परवा भाचीचा फोन आला. "मामा, माझा नकाशा हरवला रे. घर बदलताना कुठेतरी गेला. दुसरा काढून देशील?"

नकाशा म्हणजे तिच्या दहाव्या वाढदिवसाला मी हाताने काढून दिलेला. गावचं घर विकायचं ठरलं होतं, म्हणून त्या घराचंच मी एक बेट केलं. विहिरीचा झाला मगरसमुद्र, माळ्याचा वटवाघूळगड आणि आजीच्या लोणच्याच्या बरणीवर लाल फुली! कागद चहाच्या पाण्यात बुडवून जुनापुराणा केला होता. पुढे घर गेलं. आता नकाशाही गेला.

"देतो की," म्हटलं खरं, पण फोन ठेवल्यावर आठवला तो रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. 'ट्रेझर आयलंड'वाला.

१८८१चा ऑगस्ट. स्कॉटलंडमधलं ब्रेमर नावाचं गाव, बाहेर पाऊस आणि घरात अडकलेला तेरा वर्षांचा मुलगा, लॉइड ऑसबर्न. स्टीव्हन्सनने त्याच्या आईशी, फॅनीशी, लग्न करून जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. म्हणजे मुलगा त्याचा, पण त्याचा नव्हे. अशा मुलाशी नातं जोडायचं कसं? स्टीव्हन्सन त्याच्याबरोबर रंगपेटी घेऊन बसला. एका बेटाचा नकाशा झाला. त्यात टेकड्या आल्या, खाड्या आल्या, नावं आली. नकाशा बघता बघता त्या झाडीतून माणसं डोकावायला लागली आणि कादंबरी सुरू झाली. रोज एक प्रकरण लिहायचं आणि घरच्यांना वाचून दाखवायचं.

ऐकणाऱ्यांत स्टीव्हन्सनचे वडीलही होते. थॉमस स्टीव्हन्सन, दीपगृहं बांधणारे नामांकित इंजिनियर. मुलाने घराण्याचा व्यवसाय नाकारलेला, धर्मावरून दोघांचे जोरदार खटके उडालेले. पण या बेटावर बापलेक एकत्र आले. बिली बोन्सच्या पेटीत काय काय सापडतं त्याची यादी वडिलांनी करून दिली, फ्लिंटच्या जहाजाचं 'वॉलरस' हे नावही त्यांचंच.

गोष्ट ऑक्टोबर १८८१पासून 'यंग फोक्स' या मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः आली. पुस्तक करायची वेळ आली तेव्हा हस्तलिखिताबरोबर नकाशाही प्रकाशकाकडे धाडला. हस्तलिखित पोचलं, नकाशा पोचलाच नाही!

मग स्टीव्हन्सनने स्वतःचंच पुस्तक चाळून बेटाबद्दलचे सगळे उल्लेख टिपून काढले आणि त्यांच्याशी जुळेल असा दुसरा नकाशा मांडला. तो वडिलांच्या कार्यालयात रेखला गेला, त्यावर देवमासे आणि जहाजं आली. फ्लिंटची खोटी सही खुद्द वडिलांनी ठोकली. १८८३च्या पुस्तकात छापला गेला तो हा नकाशा. पण स्टीव्हन्सनने पुढे लिहून ठेवलं की आपल्या लेखी तो कधीच खरा ट्रेझर आयलंड झाला नाही.

याला आणखी एक शेपूट आहे. मूळ नकाशा आपण काढला, असं स्टीव्हन्सन सांगतो. लॉइडने मोठेपणी सांगितलं की नकाशा माझा होता. मी तो रंगवत होतो, स्टीव्हन्सन आला, नावं घातली आणि कागद खिशात घालून घेऊन गेला. आपला नकाशा गेला म्हणून त्याला तेव्हा जरा वाईटही वाटलं होतं म्हणे. खरं काय, कोण सांगणार? पुस्तक मात्र लॉइडलाच अर्पण केलेलं आहे.

मला वाटतं, दोघंही खरं बोलत असतील. असा नकाशा एकट्याचा नसतोच. काढणारा एक आणि त्यात हिंडणारा दुसरा. थोड्या दिवसांनी कुणी काय घातलं तेही आठवेनासं होतं.

असो. रात्री भाचीला परत फोन केला. म्हटलं, "मी आठवून काढणार नाही. तू सांग, मी काढतो." तिने डोळे मिटले असावेत. अंगणापासून सुरुवात केली आणि एकेक ठिकाण सांगत गेली. मी पेन्सिलने टिपत होतो. न्हाणीघरामागे 'धुराचा डोंगर', मागच्या दाराशी 'आजी-बंदर'.

ही दोन नावं मी दिलेली नव्हती.

मी काही बोललो नाही. दोन्ही लिहून घेतली.